पेट्रोल भरलं की सिग्नलला बंद पडणारी गाडी: एका बिघाडाचा पूर्ण तपास

गाडी २०१७ सालची, १.२ लिटर, चार सिलेंडरची पेट्रोल हॅचबॅक. एमपीएफआय (प्रत्येक सिलेंडरला वेगळा इंजेक्टर), इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (हवेची झडप), मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), बीएस-४ प्रदूषण मानक. पुण्यात रोजच्या रहदारीत चालणारी, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. सीएनजी किट नाही. तक्रार एका ओळीची: सिग्नलला थांबली की इंजिन बंद पडतं. चालताना पिकअप ठीक, हायवेला त्रास शून्य, सकाळी थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू. बंद पडल्यावर मात्र नुसता सेल्फ मारून गाडी सुरू होत नाही, अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून धरावा लागतो. सुरू झाली की दोन-तीन सेकंद घरघरते, मागून पेट्रोलचा उग्र वास येतो आणि मग चालायला लागते.

तपासाला येण्याआधी गाडीवर बराच खर्च झालेला होता. प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, थ्रॉटल बॉडी साफ केलेली, आणि चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनरवर पी०१७२ हा बिघाडाचा कोड आला म्हणून एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा पुढचा ऑक्सिजन सेन्सरही बदललेला. प्रत्येक कामानंतर गाडी काही दिवस नीट चालली आणि पुन्हा बंद पडू लागली. हे “काही दिवस नीट” पुढे महत्त्वाचं ठरतं.

आधी प्रश्न, मग पाना

आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, बंद पडणाऱ्या गाडीत बॉनेट उघडण्याआधी मालकाला विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. थंड असताना की गरम झाल्यावर? एसी चालू असताना की बंद असतानाही? स्टेअरिंग फिरवताना, हेडलाइट लावल्यावर? झटक्यात बंद पडते की आधी थरथरते? लगेच सुरू होते की वेळ लागतो? आणि हमखास राहून जाणारा प्रश्न: “शेवटचं पेट्रोल कधी भरलं होतं?”

या गाडीत उत्तर याच प्रश्नात होतं. त्रास पेट्रोल भरल्यावर सुरू व्हायचा, पहिले पन्नास-साठ किलोमीटर सर्वांत जास्त, नंतर कमी होत जायचा. पाव टाकी उरली की गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. मालकाचा समज पंपावरचं पेट्रोल खराब आहे असा होता, म्हणून पंप बदलून पाहिले होते. फरक पडला नाही. गॅरेजला मात्र गाडी सवडीने, म्हणजे टाकी बरीच उतरल्यावर यायची, त्यामुळे जे काम केलं त्याने गुण आला असं वाटायचं. पुढची टाकी भरली की पहिले पाढे पंचावन्न.

भेसळीच्या किंवा पाणी मिसळलेल्या पेट्रोलचा त्रास असा नसतो. तो चढावर, ओव्हरटेक करताना, म्हणजे इंजिनवर जोर येतो तेव्हा जास्त जाणवतो. पिकअप तुटतो, इंजिन मिसिंग मारतं. फक्त आयडलिंगला आणि फक्त गरम असताना बंद पडणं हे वेगळं लक्षण आहे.

कोड काय सांगतो

पी०१७२ म्हणजे बँक १ चं (सिलेंडरच्या पहिल्या रांगेचं) मिश्रण रिच: हवेच्या मानाने इंधन जास्त. इतकंच. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं तो सांगत नाही. खरं तर सेन्सर नीट काम करतोय म्हणूनच इसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, रिच असल्याचं कळलं. हा कोड पाहून सेन्सर बदलणं ही आपल्याकडची फार जुनी आणि महागडी चूक आहे. गाडीतून काढलेला जुना सेन्सर निर्दोष असणार, ही शक्यताच जास्त.

कोडसोबत साठवलेली फ्रीज फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद, जास्त बोलकी होती: आरपीएम ७४२, कूलंट ९२ अंश, वेग शून्य, लाँग टर्म ट्रिम उणे १४.१ टक्के, शॉर्ट टर्म ट्रिम उणे २४.२ टक्के. ट्रिम म्हणजे इसीयूने ठरल्या इंधनात केलेली दुरुस्ती: उणे म्हणजे कपात, अधिक म्हणजे वाढ; शॉर्ट टर्म त्या क्षणाची, लाँग टर्म शिकून साठवलेली. दोन्ही कपाती एकावर एक लागून इसीयू जवळपास ३५ टक्के इंधन कापत होता आणि तरीही ऑक्सिजन सेन्सर “रिच” म्हणत होता. कापण्याची हद्द संपली की मिश्रण पेटत नाही आणि इंजिन बसतं. बंद पडल्यावर अर्धा अ‍ॅक्सिलरेटर का दाबावा लागतो, तेही इथेच कळतं. जास्तीची हवा आत गेल्याशिवाय ते मिश्रण पेटण्याजोगं होत नाही.

ट्रिम वाचताना हल्ली एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ई१० वर (दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) हवा-इंधन मिश्रणाचं आदर्श प्रमाण साधारण १४.१ ला १ असतं, ई२० वर (वीस टक्के इथेनॉल) ते १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे पंपावरचं पेट्रोल ई२० झाल्यापासून जुन्या गाडीला त्याच हवेसाठी सुमारे ४ टक्के इंधन जास्त द्यावं लागतं आणि लाँग टर्म ट्रिम तेवढा अधिक बाजूला सरकलेला दिसतो. अधिक ४ किंवा ५ दिसलं म्हणून बिघाड शोधत बसू नये. उलट अशा पेट्रोलवर उणे १४ दिसत असेल, तर खरी तफावत आकड्यापेक्षाही मोठी आहे.

“हवा ओढतेय” हा निदानाचा शॉर्टकट इथे चालत नाही

आयडलिंग बिघडलं की पहिलं वाक्य ऐकू येतं ते “कुठूनतरी हवा ओढतेय”. मग मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) पॅकिंगवर, होजवर कार्ब क्लीनर मारून आरपीएम वाढतो का ते पाहिलं जातं. गरम एक्झॉस्टवर तो स्प्रे उडाला तर भडका उडतो, हा धोका आहेच. त्याहून मोठी अडचण म्हणजे हा शॉर्टकट ज्या नियमावर उभा आहे तो सगळ्या गाड्यांना लागू होत नाही.

ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे, तिथे सेन्सर ओलांडल्यानंतर शिरलेली हवा मोजली जात नाही. इंधन कमी पडतं, मिश्रण लीन होतं, आयडलिंगला ट्रिम अधिक १५-२० वर जातो आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ शून्यावर येतो. हा नियम तिथे बरोबर आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या मॅप सेन्सरवर चालतात. मॅप सेन्सर हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. फाटक्या होजमधून हवा शिरली तर दाब वाढतो, इसीयू त्या हिशोबाने इंधनही वाढवतो आणि परिणाम म्हणून आरपीएम चढतो. मग इसीयू थ्रॉटल मिटत नेतो. अशा गाडीत छोटी गळती असेल तर आयडलिंग चढं राहतं, इंजिन सहसा बंद पडत नाही. बंद पडायला गळती फार मोठी असावी लागते किंवा एकाच सिलेंडरच्या तोंडाशी असावी लागते. इथे ट्रिम उणे होता, म्हणजे नुसती हवा येत नव्हती. जे काही येत होतं त्यात इंधन होतं.

फक्त आयडलिंगला रिच: संशयित कोण

ट्रिमचे आकडे दोन ठिकाणी घेतले: आयडलिंगला आणि २,५०० आरपीएम स्थिर ठेवून. लाँग टर्म ट्रिम आयडलिंगसाठी वेगळ्या साठवलेल्या कप्प्यात उणे १४.१, २,५०० ला उणे २.३. हा फरकच अर्धं निदान आहे. इंधनाचा दाब जास्त असता तर तफावत सगळीकडे सारखीच दिसली असती. जे फक्त आयडलिंगला त्रास देतं ते ठरावीक प्रमाणात सतत गळत असतं. आयडलिंगला १.२ लिटरचं इंजिन सेकंदाला जेमतेम दीड-दोन ग्रॅम हवा घेतं, त्यात थोडंसं फुकटचं इंधनही मिश्रण बिघडवतं. रस्त्यावर हवा कितीतरी पट वाढते आणि तेवढंच इंधन त्यात हरवून जातं.

असे संशयित चार. मॅप सेन्सर दाब जास्त दाखवतोय, इंजेक्टर ठिबकतोय, इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलंय आणि त्याची वाफ पीसीव्हीच्या (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणाऱ्या) नळीतून मॅनिफोल्डमध्ये येतेय, किंवा टाकीची वाफ ती इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हमधून येतेय.

मॅप सेन्सर तपासायला एक मिनिट लागतो आणि ही तपासणी हमखास विसरली जाते. इग्निशन चालू, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर मॅपचा आकडा पाहायचा. तो गावच्या हवेच्या दाबाइतका हवा. मुंबईत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. सेन्सर ५ किलोपास्कल जास्त दाखवत असेल, तर आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये असणाऱ्या ३५ किलोपास्कलच्या दाबात ती १४ टक्क्यांची चूक होते आणि रस्त्यावरच्या ८० मध्ये जेमतेम ६ टक्क्यांची. म्हणजे लक्षण हुबेहूब असंच दिसलं असतं. या गाडीत आकडा ९५ आला. सेन्सर सुटला.

पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डपासून काढून दोन्ही तोंडं बंद केली, ट्रिममध्ये फरक नाही. डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा किंचित वास होता, पण पातळी वाढलेली नव्हती. हा वास कारणाचा नव्हता, परिणामाचा होता. त्याकडे पुढे येऊच.

इंजेक्टरसाठी दाबाचं गेज लावलं. छोट्या गाड्यांच्या फ्युएल रेलवर बहुधा गेज लावायची सोय नसते, नळी आणि रेल यांच्यामध्ये टी जोडावी लागते. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. हे न करता क्विक कनेक्टर उघडला तर पेट्रोल थेट तोंडावर उडतं. दाब कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेत होता आणि इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांत नावालाच उतरला. इंजेक्टर ठिबकत असता तर गेजचा काटा झरझर खाली आला असता, आणि तो त्रास टाकी भरलेली आहे की रिकामी हे पाहून आला नसता.

पर्ज व्हॉल्व्ह पहिल्या परीक्षेत पास

टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये साठते. डब्याला तीन तोंडं: एक टाकीकडे, एक मोकळ्या हवेला, एक पर्ज व्हॉल्व्हमार्गे मॅनिफोल्डला. इंजिन गरम होऊन गाडी चालत असते तेव्हा इसीयू हा व्हॉल्व्ह ठरावीक टक्के उघडतो (हीच पर्ज ड्यूटी), मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कोळशातून ताजी हवा ओढतो आणि वाफ इंजिनात जळते. वीज नसताना व्हॉल्व्ह बंदच असायला हवा.

तपासाची रीत सोपी आहे. इंजिन गरम, आयडलिंगवर. स्कॅनरवर पर्ज ड्यूटी शून्य आहे याची खात्री करायची, किंवा व्हॉल्व्हचा कनेक्टरच काढायचा. मग कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून सोडवून त्या तोंडावर बोट ठेवायचं. ओढ लागता कामा नये. कनेक्टर न काढता बोट ठेवलं आणि त्या क्षणी इसीयू पर्ज करत असेल, तर चांगला व्हॉल्व्हही खराब ठरतो.

गाडी आली त्या दिवशी टाकी पावच होती. बोटाला ओढ नाही. व्हॉल्व्ह काढून हातपंपाने ५० किलोपास्कल व्हॅक्यूम दिला, अर्धा मिनिट टिकला. कॉइलचा रोध २७ ओहम. अशा व्हॉल्व्हला साधारण २० ते ४० असतो. १२ व्होल्ट दिल्यावर टिक आवाज, हवा आरपार. सगळं ठीक. इथेच बरेच तपास भरकटतात: व्हॉल्व्ह पास झाला, मग उरला इंजेक्टर, आणि चारही इंजेक्टर बदलायचा सल्ला दिला जातो.

पण पेट्रोल भरण्याशी जुळणारा काळ दुसऱ्या कशानेच उलगडत नव्हता. म्हणून बिघाड समोर घडवून आणणं भाग होतं.

बंद पडण्याआधीचे काही सेकंद

टाकी पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरली. प्रयोगासाठीही त्यापुढे भरू नये. गाडी गावात चालवून पूर्ण गरम केली, उन्हात अर्धा तास उभी ठेवली, मग सुरू करून आयडलिंगवर सोडली. स्कॅनरवर आरपीएम, मॅप, दोन्ही ट्रिम, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज, इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, थ्रॉटलचा कोन आणि पर्ज ड्यूटी एकत्र रेकॉर्डला लावले. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर एकाच वेळी जास्त आकडे मागितले की फार हळू चालतात. अशा वेळी यादी चार-पाचवर आणावी.

सुरुवातीला आरपीएम ७५० वर स्थिर. मग ऑक्सिजन सेन्सर, जो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झोके घ्यायला हवा, ०.८६ वर चिकटला. शॉर्ट टर्म ट्रिम उणे ३.१, उणे १०.९, उणे १९.५ असा घसरत उणे २५ वर जाऊन अडकला. इंजेक्टरचा वेळ २.४ मिलिसेकंदांवरून १.६ वर आला. आरपीएम ६२० ते ८२० असा खालीवर हलू लागला आणि इंजिन बसलं. या सगळ्या काळात पर्ज ड्यूटी शून्य होती.

आयडलिंगला बंद पडणाऱ्या कुठल्याही गाडीत असं रेकॉर्डिंग घ्यावंच, कारण प्रत्येक कारणाची मरण्याची तऱ्हा वेगळी असते. क्रँक सेन्सर गरम होऊन दगा देत असेल तर स्कॅनरवरचा आरपीएम एका क्षणात शून्य होतो, इंजिन अजून फिरत असतानाही. ट्रिमला हलायला वेळच मिळत नाही. पंप कमजोर असेल तर ट्रिम आधी अधिक बाजूला चढत जातो. थ्रॉटल बॉडीत काजळी असेल तर ट्रिम निवांत असतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर किंवा एसीचा कॉम्प्रेसर लागल्यावर आरपीएम खाली येतो आणि थ्रॉटल उघडूनही वेळेत सावरत नाही. बॅटरीचा अर्थ सैल असेल तर आरपीएमच्या आधी व्होल्टेज कोसळतो. या गाडीत इसीयू शेवटपर्यंत इंधन कापत राहिला आणि ते दुसरीकडून येत राहिलं.

इंजिन पुन्हा सुरू करून व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला, कॅनिस्टरची नळी सोडवली. या वेळी बोट सणकून ओढलं गेलं. नळीचं आणि व्हॉल्व्हचं अशी दोन्ही तोंडं बंद केली. आरपीएम क्षणभर ढासळला, इसीयूने थ्रॉटल उघडला आणि आयडलिंग ७५० वर बसलं. शॉर्ट टर्म ट्रिम अधिक ९.४ वर गेला. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं: लाँग टर्ममध्ये उणे १४.१ अजून साठलेलेच होते, शॉर्ट टर्म ते भरून काढत होता. दोन्हींची बेरीज उणे ४.७, म्हणजे आटोक्यात.

एक दिवसाआधी पास झालेला व्हॉल्व्ह आता नापास का? तो बाकावर पांढऱ्या कागदावर उलटा धरून हलकेच ठोकला. कागदावर मोहरीपेक्षा बारीक काळे कण पडले. बोटाने चोळले तर ठसा उमटला. कोळसा. व्हॉल्व्हच्या बैठकीवर असा एखादा कण बसला की झडप पूर्ण मिटत नाही; तो हलला की मिटते. म्हणून बिघाड येऊन-जाऊन होता. शंका असेल तर एकदा तपासून सोडू नये. स्कॅनरवरून किंवा १२ व्होल्टने व्हॉल्व्ह पंधरा-वीस वेळा उघडबंद करावा आणि प्रत्येक काही ठोक्यांनंतर गळती पाहावी.

इसीयूने थेट व्हॉल्व्हचा कोड का दिला नाही? बीएस-४ च्या बहुतेक गाड्यांत या व्हॉल्व्हवर नजर असते ती विजेच्या जोडणीपुरती. वायर तुटली, कॉइल जळली तर कोड येतो. झडप कणामुळे अर्धवट उघडी राहिली तर कॉइलला काहीच झालेलं नसतं. इसीयूला फक्त परिणाम दिसतो, आणि तो पी०१७२ या नावाने.

कोळसा बाहेर आला कसा

पंपावरच्या “राउंड फिगर करू का?” या प्रश्नातून. नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल तिथवर चढलं की आतला व्हॅक्यूम बदलतो आणि नोझल खटकन बंद होतं. त्या क्षणी टाकीत मुद्दाम राखलेली मोकळी जागा उरलेली असते. ती वाया गेलेली जागा नाही. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.०९५ टक्के प्रसरण पावतं. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं गार पेट्रोल गाडीच्या ३७ लिटरच्या टाकीत भरलं आणि ते उन्हात १५ अंशांनी तापलं, की अर्धा लिटरहून जास्त फुगतं. त्याला जायला जागा लागते.

ऑटो-कटनंतर नोझल हळूहळू दाबत आणखी लिटर-दीड लिटर भरलं की पेट्रोल नळीच्या गळ्यापर्यंत चढतं आणि वाफेच्या वाटेने द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये शिरतं. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, पेट्रोलमध्ये भिजण्यासाठी नाही. वारंवार भिजला की त्याचे दाणे फुटतात, ते अडवणारा फोम विरतो आणि चुरा व्हॅक्यूमबरोबर व्हॉल्व्हकडे जातो. या गाडीचा कॅनिस्टर काढून तिरका धरला तर पर्जच्या तोंडातून पेट्रोल ठिबकलं. मालक वर्षानुवर्षं टाकी गळ्यापर्यंत भरत होते. सवय बहुतेकांची हीच असते.

भिजलेला कोळसा आणि उघडी झडप हे दोन्ही एकत्र आल्यावरच इंजिन बंद पडत होतं. नुसती झडप अडकली आणि कॅनिस्टर कोरडा असेल तर त्यातून बहुतांश हवाच येते. पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर कोळशातली वाफ ओढली जायची, म्हणून गाडी “आपोआप” सुधारायची.

सीएनजी किटच्या गाडीत आधी दोन्ही इंधनांवर आयडलिंग पाहावं. पेट्रोलवरच बंद पडत असेल तर पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर तपासायचे. गॅसवरही मिश्रण रिच येत असेल तर पर्ज व्हॉल्व्हचा संशय बळावतो, कारण टाकीची वाफ मॅनिफोल्डमध्ये शिरते, मग इंजिन कशावरही चालू असो.

दुरुस्ती

फक्त व्हॉल्व्ह बदलून भागत नाही. फुटलेल्या कॅनिस्टरचा चुरा नव्या व्हॉल्व्हमध्येही जाऊन बसतो आणि गाडी पुन्हा दारात येते. त्यामुळे कॅनिस्टर, व्हॉल्व्ह आणि त्यांच्यातली नळी हे एक काम धरायचं. नळी दोन्ही बाजूंनी सोडवून व्हॉल्व्हच्या टोकाकडून कमी दाबाने, दीड-दोन बारने फुंकली. दुसऱ्या टोकाला फडकं धरलं तर बराच काळा चुरा निघाला. टाकीकडच्या नळीत कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नये. व्हॉल्व्हवर प्रवाहाचा बाण असतो, तो मॅनिफोल्डकडे. कॅनिस्टरचं मोकळ्या हवेचं तोंड चिखलाने बुजलेलं नाही हे पाहावं. ते बुजलं तर टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि झाकण उघडताना हवा सूंकन आत ओढली जाते. भिजलेला कॅनिस्टर उघड्यावर, आगीपासून लांब ठेवायचा. गाडीच्या डिकीत टाकून मालकाला परत द्यायचा नाही.

नंतरच्या बारीक कामांत घाई केली तर दुरुस्ती फसल्यासारखी वाटते. स्कॅनरने कोड आणि ट्रिमची शिकवण, दोन्ही पुसायचं. उणे १४ तसेच राहिले तर नव्या भागांवर इंजिन सुरुवातीला लीन चालतं आणि थंड असताना, ऑक्सिजन सेन्सर कामाला लागण्याआधी, बंद पडू शकतं. बॅटरी काढून ही शिकवण सगळ्याच गाड्यांत पुसली जात नाही. मग इंजिन गरम करून एसी, लाइट बंद ठेवून दहा मिनिटं आयडलिंगवर, नंतर एसी लावून तेवढंच. थ्रॉटल आधी साफ केलेला असल्यामुळे त्याचं रीलर्निंगही कंपनीच्या पद्धतीने करून घेतलं. थोड्याच महिन्यांपूर्वीचे प्लग कोरड्या काजळीने काळे झाले होते. साफ करून गॅप मापून पुन्हा बसवले. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले. रिच चाललेल्या इंजिनात न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकचा तो वास यामुळेच होता. असं पातळ झालेलं ऑइल पुढच्या सर्व्हिसपर्यंत ठेवू नये.

मालकाला एकच पथ्य सांगितलं: पहिल्या ऑटो-कटला थांबायचं. यूपीआयने पैसे देताना आकडा गोल असण्याची गरज राहिलेली नाही. रोख द्यायचे असतील तर टाकी पूर्ण भरणार नाही एवढी रक्कम आधीच सांगायची.

खात्री करायची ती ज्या परिस्थितीत बिघाड येत होता तिथेच. टाकी पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरली, गाडी गरम केली, उन्हात ठेवली, एसी लावून आयडलिंगवर सोडली. ऑक्सिजन सेन्सर झोके घेत होता, शॉर्ट टर्म ट्रिम शून्याच्या दोन्ही बाजूंना ३-४ टक्क्यांत, आरपीएम एसीसह ८५० वर स्थिर. पर्ज ड्यूटी स्कॅनरवरून वाढवली की ट्रिम हलला, शून्य केली की जागेवर आला. दोन टाक्यांनंतर आयडलिंगच्या कप्प्यातला लाँग टर्म ट्रिम अधिक ३.९ दाखवत होता. ई२० वर या गाडीत एवढा आकडा अपेक्षितच आहे.